रीफ टाकीतील केसाळ शेवाळ: गोव्यातील नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवण्याची काचेची टाकी) सुरू करून तीन-चार महिने झाले, माशांची जोडी स्थिरावली, पहिले मऊ प्रवाळ उमलू लागले, की साधारण त्याच सुमारास दगडांवर हिरवी लव दिसू लागते. काही आठवड्यांत ती बोटभर लांब होते, वेव्हमेकरच्या (पाणी हलते ठेवणाऱ्या पंपाच्या) जाळीत अडकते, प्रवाळांच्या बुडाशी शिरते आणि त्यांना मिटायला लावते. दुकानात विचारले तर कोणी एखादी बाटली पुढे करतो, कोणी दिवे बंद ठेवायला सांगतो, कोणी गोगलगायी घ्या म्हणतो. यातला प्रत्येक सल्ला आपापल्या जागी उपयोगी पडू शकतो. परंतु क्रम चुकला तर पैसे जातात, प्राणी दगावतात आणि शेवाळ पुन्हा येते. म्हणून गोव्यातले पाणी, इथली दमट हवा आणि इथली वीज लक्षात घेऊन जो क्रम मला टिकाऊ वाटला, तो येथे मांडतो आहे.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. टाकीत खाद्य, पाणी किंवा दगड यांच्याबरोबर जे फॉस्फेट येते, ते कोणीतरी बाहेर काढेपर्यंत टाकीतच राहते. नायट्रेटचा काही भाग दगडांच्या आतले, प्राणवायूविना जगणारे जिवाणू नायट्रोजन वायूत बदलतात आणि तो हवेत निघून जातो; फॉस्फेटला मात्र अशी वाट नाही. ते पाण्यात असते, दगडात असते, गाळात असते किंवा शेवाळाच्या अंगात असते. शेवाळ नुसते मारले तर ते कुजते, अंगातले सगळे पाण्यात परत सोडते आणि त्याच पोषणावर पुढची पिढी वाढते. शेवाळ टाकीच्या बाहेर गेले पाहिजे. ते कसे न्यायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

हाताशी काय असावे

खरेदीला लागण्यापूर्वी पुढील वस्तू जमवा. यातल्या बऱ्याच गोष्टी रीफ टाकीला एरवीही लागतात.

- आरओ-डीआय संच (पडदा आणि रेझिनमधून पाणी गाळून शुद्ध करणारा) आणि साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
- क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो तपासण्यासाठी ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) क्षारतेचे प्रमाणित द्रावण
- नायट्रेटचे किट आणि अगदी कमी पातळीचे फॉस्फेट मोजणारा डिजिटल चेकर
- सुमारे १२ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, दोन-तीन फिल्टर सॉक (पाणी गाळायच्या कापडी पिशव्या), जुने टूथब्रश, दोन स्वच्छ बादल्या
- नायट्रिलचे हातमोजे आणि डोळ्यांवर घालायचा चष्मा
- वाचने लिहून ठेवण्यासाठी वही
- टाकीतील प्रत्येक प्रवाळाचे आणि प्राण्याचे बिल. याचे कारण सातव्या पायरीत येईल

१. समोर आहे ते केसाळ शेवाळच आहे का, हे आधी ठरवा

टाकीत हिरवे-तपकिरी काही दिसले की सगळ्याला शेवाळ म्हणण्याची सवय असते आणि पहिला घोटाळा तिथेच होतो. नव्या टाकीत काचेवर आणि वाळूवर बसणारा तपकिरी भुकटीसारखा थर डायटमचा असतो. तो सिलिकेटवर वाढतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. वाळूवर पसरणारा लालसर, बुळबुळीत, पापुद्र्यासारखा सुटणारा थर सायनोबॅक्टेरियाचा असतो. तपकिरी, शेंबडासारखे, टोकांना बुडबुडे धरणारे आणि रात्री दिवे गेल्यावर विरळ होणारे तंतू असतील तर ते डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्या बाबतीत येथे दिलेला बराचसा उपाय उलटा ठरतो, कारण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टाकीतच ते जोर धरतात.

खरे केसाळ शेवाळ हिरवे, मऊ आणि चिमटीत धरून ओढले की तुटणारे असते. ते बहुधा डर्बेसिया वंशाचे असते. तंतू राठ, तारेसारखा आणि फांद्या फुटलेला असेल तर क्लॅडोफोरा असू शकते. एक झुबका पांढऱ्या बशीत पाण्यात ठेवा आणि भिंगातून पाहा. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक शाखा दिसल्या तर ते ब्रायॉप्सिस आहे. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण ब्रायॉप्सिसला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत आणि पोषण कमी करूनही ते चिवटपणे टिकून राहते. त्याच्यासाठी नवव्या पायरीपर्यंत जाण्याची वेळ येऊ शकते.

२. पाणी तपासा, आणि शून्याला भुलू नका

आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, दिवे लागण्यापूर्वी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा आणि तारखेसह लिहा. प्रवाळांच्या मिश्र टाकीसाठी नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्षात भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम हा पल्ला मी समाधानकारक मानतो. क्षारता ३५ पीपीटी, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएमच्या दरम्यान असावे.

येथे तीन सापळे आहेत.

पहिला सापळा शून्याचा. दगड हिरवेगार झालेले असताना किट फॉस्फेट शून्य दाखवते आणि नवखा माणूस गोंधळतो. किट फक्त पाण्यात उरलेले मोजते. शेवाळाने जे आधीच गिळले ते मोजत नाही. भरगच्च शेवाळ आणि शून्य वाचन एकत्र दिसले, तर टाकीत पोषण येते आहे आणि शेवाळ ते येताक्षणी उचलते आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी फॉस्फेट शोषणारी माध्यमे वाढवत गेलात तर शेवाळापूर्वी प्रवाळच उपाशी पडतात.

दुसरा सापळा एककाचा. काही किट नायट्रेट न दाखवता नायट्रेटमधला नायट्रोजन दाखवतात. त्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेट मिळते. त्याचप्रमाणे काही डिजिटल चेकर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात भाग) देतात, त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागावे लागते. म्हणजे चेकरवर २० दिसले तर फॉस्फेट सुमारे ०.०६ पीपीएम आहे. सोबतची पुस्तिका वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका.

तिसरा सापळा आपल्या हवेचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात किटमधली पूड ओल धरून गठ्ठा होते आणि वाचने बिघडतात. किट हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. मिठाची बादलीही तशीच घट्ट बंद हवी. दगडासारखे घट्ट झालेले मीठ वापरल्यास अल्कलिनिटीचा भरवसा राहत नाही.

३. टाकीत येणारे पाणी बदला

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि गोव्यात तर तिला पर्याय नाही.

तिसवाडी-फोंड्याकडे ओपाचे, बार्देशात अस्नोड्याचे, सासष्टी-मुरगावात साळावलीचे पाणी नळाला येते. ते पिण्यासाठी शुद्ध केलेले असते, रीफसाठी नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. ते माणसाला बाधत नाही, परंतु आपण टाकीत २ ते १० पीपीएमचे लक्ष्य ठेवतो आहोत हे ध्यानात घ्या. शिवाय त्यात क्लोरीन असते. विहिरीचे पाणी क्लोरीनमुक्त असते म्हणून अनेकांना ते सुरक्षित वाटते. पण बागेतले खत, गोठा किंवा शौचालयाची टाकी जवळ असेल तर पावसाळ्यात त्यात नायट्रेट उतरते, आणि जमिनीतून येणारे सिलिकेट असतेच.

मोठा घोटाळा बाष्पीभवनाच्या भरपाईत होतो. पंखा लावलेल्या २०० लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर पाणी सहज उडते. उडते ते शुद्ध पाणी. मीठ, फॉस्फेट, सिलिकेट सगळे मागे राहते. रोज तीन लिटर नळाचे पाणी घातले तर महिन्याला ९० लिटर, म्हणजे टाकीच्या जवळजवळ निम्म्या आकारमानाएवढ्या नळाच्या पाण्यातली अशुद्धी टाकीत साचते. पाणी बदलताना आरओ वापरणारा आणि भरपाई मात्र नळाच्या पाण्याने करणारा माणूस शेवाळाला दररोज पोसत असतो.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक घरगुती यंत्रांत चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेले असते; पहिल्यात गाळलेल्या पाण्यात थोडे मूळ पाणी मिसळले जाते आणि दुसऱ्यात क्षार परत घातले जातात. असे पाणी रीफसाठी योग्य नाही. ज्यात पडद्यानंतर डीआय रेझिनचा टप्पा आहे असाच संच घ्या आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस ० येतो का ते दर वेळी पाहा. आणखी एक बारकावा असा की रेझिन थकू लागले की सिलिकेट सर्वांत आधी निसटते, आणि ते टीडीएस मीटरवर दिसत नाही. म्हणून मीटर शून्य दाखवत असला तरी रंग बदलणारे रेझिन शेवटपर्यंत ताणू नका. घरावरच्या टाकीचा दाब अपुरा पडत असेल तर बूस्टर पंप बसवा. दाब कमी असला की पडदा नीट गाळत नाही आणि रेझिन लवकर संपते.

मिरामारचा किंवा कोलव्याचा किनारा इतका जवळ असताना समुद्राचे पाणी का आणू नये, असे प्रत्येकाला वाटते. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी यांचे गोडे पाणी आणि गाळ समुद्रात येतो, किनाऱ्यालगतची क्षारता खूप खाली जाते आणि पोषणद्रव्ये वाढतात. इतर महिन्यांतही किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, बोटींचे तेल आणि तरंगणारे जीव असतात. सुरुवात करणाऱ्याने चांगल्या प्रतीचे कृत्रिम मीठ आरओ-डीआय पाण्यात मिसळूनच काम करावे, असे माझे ठाम मत आहे. मिश्रण पंप लावून शक्यतो दिवसभर फिरते ठेवा, मग क्षारता आणि तापमान जुळवून वापरा.

पाणी बदलण्याकडून मात्र अवाजवी अपेक्षा ठेवू नका. नायट्रेट ४० पीपीएम असताना १० टक्के पाणी बदलले तर ते ३६ वर येते, आणि आठवडाभराच्या खाद्याने पुन्हा चढते. पाणी बदलणे आवश्यक आहे, पण एकट्याने ते शेवाळ हटवत नाही.

४. शेवाळ हाताने बाहेर काढा

हे काम कष्टाचे आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. परंतु याएवढा थेट उपाय दुसरा नाही. तुम्ही पिळून काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर तिने साठवलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीबाहेर जाते.

पद्धत पुढीलप्रमाणे ठेवा. वेव्हमेकर बंद करा. नळीचे एक टोक टाकीत, दुसरे सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळण टाकीत) टांगलेल्या फिल्टर सॉकमध्ये सोडा आणि सायफन सुरू करा. परतीचा पंप चालू ठेवा, म्हणजे सॉकमधून गाळलेले पाणी टाकीत परत येईल आणि घाईने नवे पाणी तयार करावे लागणार नाही. आता नळीचे तोंड झुबक्याला टेकवून चिमटीने मुळाजवळ उपटा, म्हणजे तुटलेला प्रत्येक तुकडा नळीतच जाईल. तरंगत सुटलेला तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतो, म्हणून नळीविना ओरबाडणे हे शेवाळ पेरण्यासारखे आहे. सम्प नसेल तर सॉक बादलीत धरा आणि तेच पाणी हळूहळू परत घाला. काम संपताच सॉक काढा. दिवसभर तसाच ठेवला तर शेवाळ त्यात कुजून सारे परत पाण्यात जाते.

सुटे होणारे दगड बादलीत, टाकीच्याच पाण्यात बुडवून टूथब्रशने घासा आणि दुसऱ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात विसळून परत ठेवा. नळाच्या पाण्यात दगड धुऊ नका, त्यावरचे जिवाणू मरतात. एका वेळी टाकीचा तिसरा भाग पुरे. सगळे दगड एकदम हलवले तर गाळ उठतो आणि माशांना श्वास घेणे कठीण होते. दर आठवड्याला एक भाग, असे फिरत राहा.

चिवट ठिपक्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. दगड पाण्याबाहेर घेऊन, प्रवाळाला न लागेल अशा रीतीने ३ टक्के द्रावण ब्रशने फक्त शेवाळावर लावा, दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात नीट विसळा आणि दगड परत ठेवा. औषधाच्या दुकानात मिळणारे २० व्हॉल्यूमचे द्रावण सुमारे ६ टक्के असते. ते आरओ पाण्याने निम्मे करूनच वापरा. ते थेट टाकीत ओतण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण क्लीनर कोळंबीसारखे प्राणी त्याला फार संवेदनशील असतात.

येथे जिवाशी गाठ असलेली एक सूचना. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ या मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकते. ते लागलेले दगड घासू नका, घरात उकळू नका, त्यांवर गरम पाणी ओतू नका. वाफेतून आणि तुषारांतून हे विष शरीरात जाऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हातमोजे आणि चष्मा प्रत्येक वेळी घाला, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला, आणि लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवा.

५. खाद्य मोजून द्या

गोठवलेले मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) थेट टाकीत टाकू नका. त्यांचा गोठलेला घन (क्यूब) आरओ पाण्यात वितळवा, चहाच्या गाळणीत ओता, विसळा आणि मगच द्या. बाजारातली ताजी कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) बारीक चिरून देणे चांगले, पण त्यांचा रस आणि बर्फाचे पाणी टाकीत जाता कामा नये. दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. माशांना मात्र उपाशी ठेवू नका. शेवाळावरचा राग त्यांच्यावर काढण्यात अर्थ नाही. घरातल्या पाहुण्यांना आणि मुलांना मासे खायला आलेले पाहण्याची हौस असते, तेव्हा दिवसाचे खाद्य सकाळीच एका छोट्या डबीत काढून ठेवावे आणि डबी रिकामी झाली की त्या दिवशी पुन्हा काही घालू नये.

६. प्रकाश आणि प्रवाह

पूर्ण तेजाचे दिवे दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पांढरा आणि लाल चॅनेल कमी करा, निळा प्रवाळांसाठी राहू द्या. खिडकीतून ऊन टाकीवर येत असेल तर जाड पडदा लावा. तीन दिवस अंधार ठेवण्याचा उपाय सायनोबॅक्टेरियावर चालतो, केसाळ शेवाळावर तो पुरत नाही.

प्रवाहाच्या बाबतीत गाळ कुठे बसतो ते पाहा. दगडांच्या मागचे कोपरे टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या पिचकारीने) आठवड्यातून दोनदा फुंकून काढा आणि उठलेला गाळ सॉकमध्ये जाऊ द्या; सॉक तीन दिवसांनी बदला.

७. शेवाळ खाणारे प्राणी, आणि कायदा

लांब वाढलेले शेवाळ बहुतेक गोगलगायी खात नाहीत; त्यांना तोकडी, कोवळी लव आवडते. म्हणून हाताने काढल्यानंतरच प्राणी आणा. टर्बो आणि ट्रोकस या गोगलगायी उत्तम काम करतात. ॲस्ट्रिया वाळूवर उलटी पडली तर तिला स्वतःहून सरळ होता येत नाही, म्हणून रोज नजर ठेवा. नसारियस गोगलगायी मांसाचे अवशेष खातात, शेवाळ नव्हे. ती शेवाळासाठी म्हणून विकली जाते तेव्हा घेऊ नका. डोलाबेला हा समुद्रससा (गोगलगायीच्या कुळातला जीव) झपाट्याने शेवाळ फस्त करतो, पण ते संपले की उपाशी मरतो आणि पंपात अडकला तर त्याच्या स्रावाने टाकीतले इतर जीव धोक्यात येतात. पंपांना जाळी लावा, आणि काम झाल्यावर तो कोणाच्या टाकीत जाणार हे आणण्यापूर्वीच ठरवा. चार फुटांहून लांब टाकी असेल तरच यलो टँग किंवा फॉक्सफेस या शेवाळ खाणाऱ्या माशांचा विचार करा. फॉक्सफेसच्या पाठीचे काटे विषारी असतात. लहान टाकीत लॉनमोअर ब्लेनी ही मासळी बरी, मात्र तिला खायला लव शिल्लक हवी.

गोव्यात अशा प्राण्यांची निवड मर्यादित असते आणि पुष्कळसा माल मुंबईहून रात्रीच्या प्रवासाने येतो. पिशवीतल्या पाण्याची क्षारता तपासा आणि तीत टाकीचे पाणी थेंब-थेंब मिसळत, तास-दीड तास देऊन मगच गोगलगायींना टाकीत सोडा. क्षारतेतली अचानक तफावत त्यांना सोसत नाही.

आता कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण, म्हणजे रीफ बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या येतात. त्यामुळे ग्रँड आयलंडच्या परिसरातून किंवा हणजुण्याच्या खडकांतून जिवंत दगड, प्रवाळ किंवा त्यांचे मृत तुकडेही आणू नयेत. काही शंखांनाही संरक्षण आहे, म्हणून किनाऱ्यावरून गोगलगायी गोळा करण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांच्याबरोबर रोग आणि नवी शेवाळेही येतात, हे वेगळेच. जे घ्याल ते बिलासह घ्या, विक्रेत्याला त्याचा स्रोत विचारा आणि बिल जपून ठेवा. माझ्या मते नवख्याने मशरूम, लेदर अशा मऊ प्रवाळांवरच टाकी उभी करावी; ती शेवाळाच्या काळातही तग धरतात.

८. पोषण बाहेर नेण्याची कायमची व्यवस्था

हाताने काढण्याचे काम आयुष्यभर करायचे नसेल तर ते दुसऱ्या कोणावर सोपवावे लागते. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ बाहेर काढणारे यंत्र) हा पहिला साहाय्यक. कप आठवड्यातून दोनदा धुवा, गळ्यावर चिकट थर बसला की त्याची क्षमता घटते. दुसरा साहाय्यक म्हणजे रिफ्यूजियम. सम्पच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा हे तारांच्या गुंत्यासारखे दिसणारे शैवाल ठेवा आणि त्यावरचा दिवा मुख्य टाकीचे दिवे बंद असताना रात्री लावा. ते नायट्रेट-फॉस्फेट शोषते, रात्री पीएच घसरू देत नाही, आणि वाढले की अर्धे तोडून फेकता येते. याच तत्त्वावर चालणारा शैवाल स्क्रबर स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी यांनी विकसित केला. खडबडीत जाळीवर पाणी सोडून, तीव्र प्रकाशात तिथे मुद्दाम शेवाळ वाढवायचे आणि दर आठवड्याला खरवडायचे.

फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या बरेच वर असेल तर लोह-ऑक्साइडचे फॉस्फेट शोषणारे दाणे, पंपाने पाणी आरपार ढकलणाऱ्या नळकांड्यात म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये वापरा. ते आधी आरओ पाण्यात धुवा, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी मोजा. फॉस्फेट एकदम कोसळले तर प्रवाळांचे टोक पांढरे पडतात. वाचन खाली येऊन पुन्हा वर चढले तर घाबरू नका. कॅल्शियम कार्बोनेटचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले कमी झाले की हळूहळू सोडतात. जुने, आधी वापरलेले दगड घेतलेल्या टाक्यांत हे महिनोन् महिने चालू राहते.

९. औषध, सर्वांत शेवटी

आठ पायऱ्या दोन-तीन महिने नेटाने केल्यावरही ब्रायॉप्सिस हटत नसेल तर छंद जोपासणारे लोक फ्लुकोनॅझोल वापरतात. हे माणसांचे बुरशीविरोधी औषध आहे आणि आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. मत्स्यालयासाठी त्याला मान्यता नाही, हे समजून निर्णय घ्या. सर्वसाधारणपणे वापरली जाणारी मात्रा लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटर प्रत्यक्ष पाण्याला सुमारे १००० मिलिग्रॅम आहे. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून पाणी मोजा. सक्रिय कार्बन (फिल्टरमधला शोषक कोळसा) काढा, दोन ते तीन आठवडे थांबा, रिफ्यूजियममधले उपयोगी शैवाल त्या काळात वेगळ्या बादलीत हलवा. औषधापूर्वी जेवढे शेवाळ हाताने निघेल तेवढे काढा, कारण मरणारे शेवाळ प्राणवायू खाते आणि पोषण सोडते. शेवटी कार्बन लावा आणि मोठ्या प्रमाणात पाणी बदला. ते पाणी ओढ्यात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

१०. मे आणि पावसाळ्याची तयारी

पहिल्या महिन्याअखेर शेवाळ फिके आणि विरळ झाले, उपटताना सहज सुटू लागले, की क्रम बरोबर चालला आहे असे समजा. जांभळट-गुलाबी कोरलाइन शैवालाचे ठिपके मोकळ्या दगडावर दिसू लागले तर आणखी चांगले. त्याने व्यापलेल्या जागी केसाळ शेवाळाला रुजणे अवघड जाते. मात्र गोव्यात दोन काळ असे येतात की सावरलेली टाकी पुन्हा बिघडते.

मे महिन्यात पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की प्राणवायू कमी विरघळतो, प्राणी आणि जिवाणू अधिक वापरतात आणि गोगलगायी दगावतात. त्यांचे कुजलेले शरीर हेच शेवाळाचे खाद्य होते. पाणी २५ ते २७ अंशांवर राहील अशी सोय करा. पंख्याने उन्हाळ्यात काम भागते, परंतु पावसाळी दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि पंखा निकामी ठरतो. तेव्हा चिलर किंवा खोलीतला एसी लागतो. बाष्पीभवन घटल्यामुळे भरपाईचे पाणीही कमी लागते, म्हणून हाताने पाणी घालणाऱ्यांनी उन्हाळ्याची सवय बदलून दररोज पातळीची खूण पाहावी.

पहिल्या वादळी पावसात वीज तासन् तास जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप मे महिन्यातच चार्ज करून टाकीशेजारी ठेवा, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर जोडा. दिवे आणि चिलर त्यावर चालवू नका. वीज नसताना खाद्य देऊ नका. रिअ‍ॅक्टर किंवा कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला असेल तर त्यातले साचलेले पाणी टाकीत सोडण्याआधी ओतून द्या. वीज परतल्यावर गोगलगायी मोजा, मेलेली लगेच काढा, अमोनिया तपासा, आणि तो शून्य आल्यावरच दुसऱ्या दिवशीचे खाद्य द्या.